मजूरटंचाई, उचल आणि मजुरीचा भाव

धुळ्यातल्या यंत्रमाग कारखान्यात जा, जळगावच्या डाळ मिलमध्ये जा, रावेर-सावद्याकडे केळीच्या गाड्या भरतात तिथे जा किंवा कापसाच्या शेतावर जा. मालक मंडळींची तक्रार एकच ऐकू येते : माणूस मिळत नाही. मिळाला तर टिकत नाही, आणि टिकला तर दर आठवड्याला नवा भाव सांगतो. या तक्रारीच्या शेवटी बहुधा एक वाक्य ठरलेले असते, "मजूर माजले आहेत."

हे वाक्य निदान व्यापारी माणसाने तरी बोलू नये असे आम्हाला वाटते. मार्केट यार्डात तुरीची आवक घटली आणि भाव चढला, तर तूर माजली असे कोणी म्हणत नाही. बाजार तेजीत आहे असे म्हणतात, आणि ज्याच्या गोदामात माल आहे तो दोन पैसे अधिक घेतो. मजुराकडे विकायला गोदामातला माल नसतो, दिवस असतो. त्या दिवसाला मागणी वाढली आणि त्याने दोन पैसे अधिक मागितले, तर तोही बाजारच आहे.

हे पान वाचणाऱ्यांत माग चालवणारे मालक आहेत, बागवानीचे आणि सुताचे व्यापारी आहेत, तसे पाळीवर काम करणारे कारीगर, गादी-रजई शिवणारे पिंजारी आणि हमालही आहेत. एकाच मोहल्ल्यात मजुरी देणारा आणि घेणारा शेजारी शेजारी राहतात. म्हणून एका बाजूची वकिली करण्याऐवजी आम्ही एक साधा प्रश्न मांडतो. टंचाई सगळीकडे आहे असे म्हणतात, मग काही मजुरांचा भाव वाढतो आणि काहींचा का वाढत नाही?

वेचणीचा बाजार

खानदेशात कापूस वेचणीचे दिवस म्हणजे मजुराच्या भावाची खरी परीक्षा असते. बोंड फुटले की कापूस थांबत नाही. वर पाऊस आला तर सरकीला कोंब फुटतात, कापूस पिवळा पडतो आणि जिनिंगवाला भाव पाडतो. नेमक्या त्याच दिवसांत सोयाबीन आणि मका काढायचा असतो, दिवाळी तोंडावर असते आणि ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर निघालेल्या असतात. काम एकदम वाढते आणि हात एकदम घटतात.

वेचणारी बहुतेक बाई असते. तिची मजुरी किलोवर ठरते आणि संध्याकाळी काट्यावर माप झाले की हिशेब होतो. आज एका शेतात गेलेली बाई उद्या दुसऱ्याच्या शेतात जायला मोकळी असते. या मोकळेपणाचा परिणाम गावोगाव दिसतो. पूर्वी बाया पायी शेतावर जात. आता शेतकरी सकाळी गाडी पाठवतो, आणि ज्याची गाडी आधी आली त्याचा कापूस आधी घरात येतो. शेवटच्या वेचणीला कापूस विरळ असतो, किलोवर परवडत नाही, म्हणून बाया रोज ठरवून मागतात आणि तो मिळतोही. यात संघटना नाही, संप नाही, मोर्चा नाही. फक्त "उद्या येणार नाही" असे म्हणता येते, एवढेच.

हा भाव फार झाला का, तेही मोजून पाहू. किलोला १० रुपये धरले तर क्विंटलमागे वेचणीचे १,००० रुपये होतात. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये होता, म्हणजे सुमारे आठवा हिस्सा वेचणीला गेला. शेतकऱ्याला हे जड आहे यात शंका नाही. पण काट्याच्या दुसऱ्या पारड्यातही बघा. दिवसभर उन्हात वाकून चाळीस किलो वेचणाऱ्या बाईच्या हाती ४०० रुपये पडतात, तीस किलो वेचणारीच्या हाती ३००. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. याला माज म्हणावे, असे या आकड्यांत आम्हाला काही दिसत नाही.

१८९७ सालची मुंबई

हा प्रकार नवा नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. साथ वाढत गेली तसे लोक शहर सोडून पळाले. आठ-साडेआठ लाख वस्तीच्या शहरातून काही महिन्यांत जवळजवळ निम्मी माणसे निघून गेली. गिरण्यांची चाके थांबू लागली.

त्या काळी गिरणी कामगाराचा पगार महिन्याने होई आणि तोही मागच्या महिन्याचा, पुढचा महिना बराच उलटल्यावर मिळे. म्हणजे कामगाराचे कित्येक आठवड्यांचे पैसे मालकाकडे अडकलेले असत. काम सोडले तर ते बुडण्याची भीती असे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या मागण्या मांडल्या, तेव्हा रविवारच्या सुटीबरोबर पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा ही मागणीही होती. रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली, पण पगार अडकवण्याची रीत चालूच राहिली.

प्लेगने ती रीत काही महिन्यांपुरती मोडली. उरलेल्या कामगारांनी सांगितले, पैसे रोजच्या रोज द्या, नाहीतर दुसरी गिरणी आहे. मालकांनी एकी करून रोजचा पगार द्यायचा नाही असे ठरवण्याचा प्रयत्न केला, पण ज्याचे माग बंद पडत होते तोच आधी फुटला. रस्त्याच्या कोपऱ्यावर गिरण्यांची माणसे उभी राहून कामगारांवर बोली लावू लागली. स्वतः लोखंडे मात्र त्याच साथीत फेब्रुवारी १८९७ मध्ये वारले.

साथ ओसरली, गावाकडे गेलेली माणसे परत आली, आणि गिरण्यांनी पुन्हा महिन्याचा पगार आणि थकबाकी ठेवण्याची जुनी रीत सुरू केली. टंचाईत मिळालेली गोष्ट कागदावर आली नव्हती, म्हणून टंचाईबरोबर गेली. पगार किती तारखेपर्यंत द्यावा हे कायद्याने ठरायला १९३६ साल उजाडावे लागले. कारीगर बंधूंनी या गोष्टीतून एक धडा घ्यावा. तेजीत मिळालेली मजुरी लिहून घेतली नाही, तर ती मंदीत राहत नाही.

कोयत्याची गोष्ट

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. खानदेशातून, विशेषतः धुळे आणि नंदुरबारच्या आदिवासी भागातून, दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे जातात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोली भागात या टोळ्यांचा अभ्यास केला. तिथे स्थानिक हळपती मजूर होते, तरी तोडणीला खानदेशची माणसे आणली जात. कारण उघड होते. घरच्या गावात राहणारा मजूर भाव करतो, नाही परवडले तर घरी बसतो. दोनशे किलोमीटरवरून आणलेला, उचल घेतलेला आणि शेतात पालावर राहणारा मजूर कुठे जाणार?

तोडणाऱ्यांची टंचाई कारखानदारही सांगतात. मग या मजुराचा भाव वेचणीसारखा का चढत नाही? कारण त्याचा सौदा पावसाळ्यातच झालेला असतो. चूल बंद पडायच्या दिवसांत मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला उचल देतो. ऊस उभा राहतो तेव्हा बाजारात त्याच्या कोयत्याला कितीही मागणी असो, तो आधीच विकला गेलेला असतो. टंचाई वाढली की मुकादम उचलीची रक्कम वाढवतो, टनाचा दर वाढवत नाही. मजुराला वाटते यंदा जास्त मिळाले. प्रत्यक्षात यंदा जास्त कर्ज झालेले असते, आणि फिटले नाही तर पुढचा हंगामही त्याच मुकादमाकडे काढावा लागतो.

या मजुरांचा दर वाढला तो टंचाईने आपोआप नाही, मागणी लावून धरल्यामुळे. गुजरात सरकारने २०२३ मध्ये तोडणीचा किमान दर टनाला २३८ रुपयांवरून ४७६ रुपये केला. महाराष्ट्रात जानेवारी २०२४ मध्ये संघटना आणि साखर संघ यांच्यात वाटाघाटी होऊन तोडणी दरात ३४ टक्के वाढ ठरली. एका बाजूला इतकी वर्षे दर दाबलेला होता, दुसऱ्या बाजूला एका सहीत तो दुप्पट करता आला. यावरून आधीचा दर कोणत्या बाजारात ठरला होता, ते वाचकांनीच ठरवावे.

मागावरची बाकी

आता आपल्या घरात पाहू. यंत्रमागाच्या धंद्यात कारीगराला लग्नाला, दवाखान्याला, ईदला मालक रक्कम देतो. ती त्याच्या नावावर बाकी म्हणून चढते. अडीअडचणीला कामी येणारा मालक ही चांगलीच गोष्ट आहे. पण बाकी फिटेपर्यंत दुसऱ्या कारखान्यात जायचे नाही अशी त्याला अट असते. दुसऱ्या मालकाला हा कारीगर हवा असेल तर तो आधीच्या मालकाची बाकी भरतो आणि तीच रक्कम आपल्या वहीत चढवतो. माणूस बदलला असे दिसते, पण खरे तर एका वहीतली बाकी दुसऱ्या वहीत गेलेली असते.

मालक बंधूंनी इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. वेठबिगार पद्धत रद्द करणारा १९७६ चा कायदा फक्त शेतीवरच्या गड्यांसाठी नाही. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाचे हवे तिथे काम करण्याचे स्वातंत्र्य काढून घेतले, तर ती व्यवस्था त्या कायद्यात बसते. आपल्याकडे ती रीत आहे, सगळेच करतात, हे उत्तर कायद्यापुढे चालत नाही.

छोट्या मालकाची अडचण आम्हाला ठाऊक आहे. चार-आठ मागांचा मालक स्वतःच मजूर असतो. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, आणि तो फक्त मीटरमागे मजुरी घेऊन विणून देतो. सूत महागले तर व्यापारी काम थांबवतो, कापड पडून राहिले तर मजुरी कापतो, वीजबिल मात्र महिन्याला ठरलेले येते. कारीगराने पैसा-दोन पैसे वाढवून मागितले की तो म्हणतो, मला वरून मिळत नाही तर देऊ कुठून? हे खरे आहे. पण मग त्याचा भांडणाचा पत्ता चुकतो आहे. त्याची मजुरी ठरवणारा माणूस मागावर उभा नाही, पेढीवर बसला आहे.

यंत्रमाग धंद्याचे किमान वेतन या राज्यात १९८६ नंतर थेट २०१५ मध्ये सुधारले गेले. मधली २९ वर्षे कारीगराची मुले हे पाहत होती. बारा तासांची पाळी, कानात मागाचा आवाज, छातीत कापसाची धूळ, आणि वहीत न फिटणारी बाकी. त्यांनी रिक्षा घेतली, मोबाइलचे दुकान टाकले, सुरत-पुण्याचा रस्ता धरला. आज कारीगर मिळत नाही असे आपण म्हणतो तेव्हा तो एका रात्रीत नाहीसा झालेला नसतो. तो वर्षानुवर्षे निघून जात होता.

भाव बांधून भागत नाही

टंचाई आली की मजुरीला लगाम घालावा असे धनवंतांना आणि सरकारांना नेहमी वाटत आले आहे. चौदाव्या शतकात इंग्लंडमध्ये महामारीने माणसे मेली आणि मजुरी चढली, तेव्हा १३५१ मध्ये तिथल्या पार्लमेंटने महामारीपूर्वीच्या दरापेक्षा जास्त मागणे गुन्हा ठरवले. तरीही मजुरी चढायची थांबली नाही.

आपल्याकडे २०२० मध्ये हेच घडले. टाळेबंदीत मुंबई-आग्रा महामार्गावरून, नाशिक, मालेगाव, धुळे, शिरपूर असे करत हजारो कामगार उत्तरेकडे चालत गेले. खानदेशच्या लोकांनी त्यांना रस्त्यावर पाणी आणि भाकरी दिली. त्याच मे महिन्यात कर्नाटक सरकारने बांधकाम व्यावसायिकांशी बैठक झाल्यावर कामगारांच्या परतीच्या गाड्या रद्द केल्या आणि देशभर टीका झाल्यावर पुन्हा सुरू केल्या. जूनमध्ये पंजाबात भात लावणीला बिहार-उत्तर प्रदेशचे मजूर नव्हते. एकराचा दर चढला तशा अनेक पंचायतींनी ठराव करून दराची मर्यादा बांधली, मोडणाऱ्यावर बहिष्काराची धमकी दिली. पुढे त्याच पंजाबातून मजूर आणायला बसगाड्या पाठवण्यात आल्या. गुजरात सरकारने जादा कामाचा दुप्पट पगार न देण्याची मोकळीक कारखान्यांना दिली होती. ती अधिसूचना सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी रद्द केली.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने रोजगार हमीचा नवा कायदा केला. त्यात दिवस १०० वरून १२५ केले, पण पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षाकाठी साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूदही घातली. शेतीला माणसे मिळावीत हे कारण दिले गेले. या तरतुदीचा दुसरा अर्थ असा की ज्या दिवसांत मजुराला "येणार नाही" म्हणता येते, नेमक्या त्या दिवसांत त्याचा दुसरा दरवाजा बंद राहील. शेतकऱ्याची अडचण खरी असली, तरी ती सोडवायला कापसाचा भाव हवा. वेचणाऱ्या बाईचा पर्याय कमी करून ती सुटणार नाही.

मालकांनी काय करावे

उचल दिली नाही तर माणूस टिकतच नाही, आणि उचल घेऊन पळणारेही आहेत, असे मालक सांगतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण पहिलीमुळेच दुसरी घडते. बांधलेला माणूस संधी मिळताच पळतो. न बांधलेला माणूस बरा भाव आणि बरी वागणूक मिळाली तर सहसा जागा सोडत नाही, कारण नवी जागा शोधणे त्यालाही महाग पडते.

म्हणून वहीत दोन खाती वेगळी करावीत. एक मजुरीचे, एक उसनवारीचे. उसने दिले तर दर आठवड्याला किती कापायचे ते आधी ठरवावे, आणि कारीगर काम सोडून गेला तरी हप्ता चालू राहील, काम अडणार नाही, असे लिहावे. मोहल्ल्यात बिनव्याजी पतसंस्था असेल तर लग्न-आजाराचे कर्ज तिच्याकडून मिळवून द्यावे. मालकाने सावकाराचे काम अंगावर घेऊच नये. मीटरचा, किलोचा, नगाचा दर कारखान्यात भिंतीवर लावावा. हिशेबाचा दिवस चुकवू नये. आणि छोट्या मागवाल्यांनी एकत्र येऊन सूत-कापड व्यापाऱ्यांकडे विणाईची मजुरी वाढवून मागावी. इचलकरंजीत २०१३ साली यंत्रमाग कामगारांचा दीर्घ संप झाला. त्यातून ५२ पिकांच्या मीटरचा दर पाया धरून मजुरी ठरवण्याचा आणि ती महागाई भत्त्याशी जोडण्याचा करार निघाला. अंमलबजावणीवरून पुढे वाद झाले, तरी निदान कशावर वाद घालायचा ते तिथे कागदावर आहे. आपल्या शहरांतही असा कागद व्हायला हवा.

कारीगरांनी काय करावे

कारीगर बंधूंनाही दोन शब्द. टंचाईच्या दिवसांत मालक मोठी उचल पुढे करील. ती नम्रपणे नाकारावी आणि त्याऐवजी दर वाढवून मागावा. हातात एकदम पडणारे वीस हजार गोड लागतात, पण मीटरमागे वाढलेले दहा पैसे वर्षभर घरात येतात आणि कुणाचे देणे राहत नाही. आपल्या कामाची नोंद स्वतःच्या डायरीत ठेवावी. मालकाच्या वहीवर विश्वास असला तरी दोन वह्या जुळल्या की भांडण होत नाही.

एकट्याने नव्हे, एका कारखान्यातल्या किंवा एका गल्लीतल्या सर्वांनी मिळून बोलावे. त्यात घरी बसून बांगड्या, गोधड्या, पापड करणाऱ्या बहिणींनाही घ्यावे, कारण सर्वांत कमी भाव त्यांनाच मिळतो आणि त्यांचा हिशेब कुणाच्याच वहीत नसतो. आणि दिलेला शब्द पाळावा. अर्धा ताणा मागावर सोडून दुसरीकडे जाणे हा मोकळेपणा नव्हे. जायचे तर सांगून, हातातले काम उरकून जावे. उद्या मंदी येईल तेव्हा मालकाने आपल्याला सांभाळावे असे वाटत असेल, तर तेजीत आपणही त्याचे नुकसान करू नये.

यंत्रे येतील, कापूस वेचणारे यंत्रही कधीतरी आपल्या शेतात उतरेल, मग ही टंचाई कुठे राहणार, असे काही जण म्हणतात. तसे होईलही. म्हणूनच आजचे दिवस मोलाचे आहेत. मजुराचा शब्द आज ऐकला जातो आहे, तोवर दोन्ही बाजूंनी बसून दर, हिशेबाचा दिवस आणि उसनवारीची रीत कागदावर उतरवून घ्यावी. येत्या दिवाळीत व्यापारी मंडळी नव्या वह्या घालतील. त्या वहीत मागची बाकी जशीच्या तशी पुढे ओढण्यापूर्वी प्रत्येक मालकाने ती बाकी कारीगरासमोर एकदा मोठ्याने वाचावी, आणि तिच्यापायी त्याला अडवून ठेवणार नाही असे तिथेच लिहून द्यावे, एवढीच आमची विनंती आहे.